करवंदं, जांभळं, फिनलंडची बिलबेरी आणि आईच्या गोळ्या

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६४. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची, ‘स्टॅटिन’ गटातली), मेटफॉर्मिन (शुगरची) आणि बीपीची एक गोळी चालू आहे. भाऊ नोकरीनिमित्त हेलसिंकीला असतो. या खेपेला तो तिथल्या रानातल्या बिलबेरीची (एक छोटं निळं फळ) पावडर आणि अर्काच्या कॅप्सूल घेऊन आला. ‘यात अँटिऑक्सिडंट असतात, रक्तवाहिन्या साफ होतात’ असं त्याला कुणी सांगितलंय. आईचं म्हणणं, आपली करवंदं-जांभळं म्हणजे तेच की, परदेशातलं कशाला? आणि खरी काळजी पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: कोलेस्टेरॉलच्या गोळीने आईचे पाय दुखतात, तर बेरी सुरू करून ती गोळी बंद करता येईल का?

मी २७ वर्षं महाडच्या बाजूला फिजिशियन म्हणून काम करतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. गोळी बंद करू नका. पायदुखीचं काय करायचं ते खाली सांगतो, पण तोवर एकही दिवस चुकवू नका. इथेच एक गृहस्थ स्टेंट बसल्यावर चौथ्या महिन्यात ‘आता फक्त जांभळाचा रस’ म्हणून सगळ्या गोळ्या सोडून बसले होते. पहाटे त्यांना घाम फुटलेल्या अवस्थेत आणलं तेव्हा स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी झालेली होती. ते वाचले, पण हृदयाचा बराचसा स्नायू गेला. आज ते घराच्या पायऱ्या दोनदा थांबून चढतात. जांभळाने त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते जांभूळ गोळीच्या जागी बसवण्याने.

आता फळांकडे येऊ.

आमच्याकडे वैशाखात मुलं करवंदं खाताना एक खेळ खेळतात. करवंद दातांखाली धरायचं आणि समोरच्याला विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आत लालभडक निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. मुलं ज्याच्यावर पैज लावतात तो लाल रंग म्हणजेच भावाने आणलेल्या पाकिटावरचं ‘अँटिऑक्सिडंट’. त्याचं नाव अँथोसायनिन. जांभळाचा जांभळा, रातांब्याचा म्हणजे कोकमाच्या फळाचा लाल, करवंदाचा काळसर, बिलबेरीचा निळा, हे सगळे रंग या एकाच घराण्यातले. उन्हापासून बचाव करायला आणि पाखरांना बोलवायला झाड तो बनवतं.

बिलबेरी आणि दुकानात मिळणारी मोठी ब्लूबेरी यांच्यातला फरकही या खेळातून कळतो. पाकिटावर ‘मुस्तिक्का’ लिहिलेलं असेल, ते बिलबेरीचं फिनिश नाव. रानातली बिलबेरी कापली तर देठापासून टोकापर्यंत गर्द, जीभ आणि बोटं रंगवणारी. शेतातली मोठी ब्लूबेरी कापा, साल निळी पण गर फिकट हिरवट-पांढरा. म्हणजे बिलबेरी पक्का कोंबडा आणि शेतातली ब्लूबेरी कोंबडी. रानटी जातीत रंगद्रव्य जास्त, ही पाकिटावरची गोष्ट त्यामुळे खरी आहे. आईचं म्हणणंही बरंचसं खरं आहे. जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन या नावांचे रंग असतात आणि ते बिलबेरीतही असतात. करवंद आणि कोकम मुख्यतः सायनिडिनवाले, तोही बिलबेरीत आहे. घराणं एक, माणसं थोडी वेगळी.

एक प्रयोग घरी करून बघा, पुढचं समजायला सोपं जाईल. दोन वाट्यांत जांभळाचा थोडा रस पाण्यात घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. पहिली वाटी लाल होईल, दुसरी निळसर, मग मळकट हिरवी. आंबटात हा रंग टिकतो, सोड्यासारख्या क्षारात मोडतो. आमसुलाचा रंग वर्षभर टिकतो तो त्याच्या आंबटपणामुळे. आपल्या जठरात आंबटपणा असतो, तिथे रंग तग धरतो. खाली आतड्यात आंबटपणा संपतो आणि तो मोडायला लागतो. उरलेलं काम मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. ते त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात जातात.

हे मोजून पाहिलेलं आहे. २०१३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी आठ पुरुषांना ५०० मिलिग्रॅम सायनिडिन दिलं, त्यातल्या कार्बनला खूण करून, म्हणजे शरीरात तो कुठे कुठे जातो ते शोधता येईल. शोषला गेला साधारण १२ टक्के, आणि रक्तात सापडले ते बहुतांशी तुकडे. अख्खं रंगद्रव्य अगदी थोडं. शिवाय आपल्या रक्तात युरिक अ‍ॅसिड आणि क जीवनसत्त्व आधीच त्याच्या कित्येक पट असतात. त्यामुळे ‘बेरीतले अँटिऑक्सिडंट रक्तात फिरून घातक कण टिपून मारतात’ हे जे चित्र जाहिरातीत रंगवतात, ते हिशेबात बसत नाही. रक्तवाहिनी ‘साफ होणं’ तर नाहीच नाही. आत बसलेला चरबीचा थर कुठलंही फळ धुऊन काढत नाही.

डब्यांवर ‘ओआरएसी’ नावाचा आकडा छापलेला दिसतो. परीक्षानळीत ते फळ किती ऑक्सिडेशन थोपवतं याचा तो आकडा. अमेरिकेच्या कृषी खात्याने असे आकडे गोळा करून यादी केली होती आणि २०१२ मध्ये स्वतःच ती मागे घेतली. या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होतो, हेच कारण त्यांनी दिलं. भावाच्या पाकिटावर तो आकडा असेल तर त्याकडे बघू नका.

मग फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. फक्त तो वेगळ्या वाटेने येतो.

रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, पेशींचा एकच थर. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. त्याने वाहिनी सैल होते, रक्त सुरळीत वाहतं, गुठळी धरायला आधार मिळत नाही. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. मधुमेह, बीपी, तंबाखू, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांनी हे अस्तर आधी आजारी पडतं, ब्लॉकेज त्यानंतर वर्षांनी दिसतं. बेरीतल्या रंगाचे जे तुकडे रक्तात पोचतात, ते या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवायला आणि बनलेला टिकवायला मदत करतात, असं दिसतं.

हे मोजतात कसं, तेही सांगतो. दंडावर बीपीसारखा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवतात. मग पट्टा सोडतात आणि सोनोग्राफीवर दंडातली धमनी किती फुगते ते बघतात. अस्तर निरोगी असेल तर ती चटकन रुंदावते, आजारी असेल तर जेमतेम. ब्रिटनमध्येच ११५ जणांवर सहा महिने हा अभ्यास झाला, निकाल २०१९ मध्ये आला. सगळे पन्नाशी ते पंचाहत्तरीतले, पोट सुटलेले, शुगर-बीपीच्या उंबरठ्यावरचे. काहींना रोज एक कप म्हणजे १५० ग्रॅम ब्लूबेरीइतकी पावडर दिली, काहींना अर्धा कप, काहींना तशीच दिसणारी नुसती रंगीत पावडर. एक कप घेणाऱ्यांची धमनी आधीपेक्षा चांगली फुगायला लागली, फरक साधारण दीड टक्क्याचा. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, थोडं वाढलं. अर्ध्या कपाने धमनीवर परिणाम दिसला नाही. आणि बीपी, इन्सुलिनचा प्रतिकार यांत एक कपानेही फरक पडला नाही. अभ्यासाला ब्लूबेरी उत्पादकांच्या संस्थेचा पैसा होता, तेही लक्षात ठेवायला हवं. तरी काम नीट केलेलं आहे आणि मी ते मानतो.

फिनलंडमध्येही २००८ साली ७२ मध्यमवयीन माणसांना आठ आठवडे रोज दोनदा वेगवेगळ्या बेरी खायला दिल्या होत्या. बिलबेरी, लिंगनबेरी, काळी करंट, चोकबेरी अशा. त्यांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी धरणाऱ्या पेशी, थोड्या कमी चिकट झाल्या, एचडीएल पाच टक्क्यांनी वाढलं, वरचं बीपी सरासरी दीड अंकाने उतरलं. ज्यांचं मुळात जास्त होतं त्यांचं सात अंकांनी. औषधाच्या तुलनेत हे लहान आहे, पण जेवणातल्या एका पदार्थाने एवढं करणं लहान नाही.

तिसरा अभ्यास सर्वांत जास्त सांगितला जातो आणि सर्वांत जास्त ताणलाही जातो. अमेरिकेतल्या ९३,६०० नर्सेसवर १८ वर्षं नजर ठेवली. आहारातून सर्वांत जास्त अँथोसायनिन घेणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा ३२ टक्के कमी निघाला. पण कुणी कुणाला बेरी नेमून दिल्या नव्हत्या. ज्या बायका आठवड्याला तीन-चारदा बेरी खातात, त्या एरवीही जास्त चालतात, कमी सिगारेट ओढतात. संशोधकांनी त्याचा हिशेब वजा केला, पण तो पूर्ण वजा होत नसतो. आणि या बायका सुरुवातीला २५ ते ४२ वर्षांच्या, हृदयविकार नसलेल्या होत्या. आईंची स्थिती वेगळी आहे. त्यांना पहिला अटॅक टाळायचा नाही, दुसरा टाळायचा आहे.

दुसरा अटॅक टाळायला काय चालतं याचं याहून स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’ नावाचा मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०,५३६ माणसं, बहुतेक आईंसारखी, हृदयविकार किंवा मधुमेह असलेली. त्या काळी अँटिऑक्सिडंटवर सगळ्यांचा मोठा भरवसा होता, माझाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ऑक्सिडाइझ झालं की जास्त घातक होतं हे प्रयोगशाळेत दिसलं होतं, मग अँटिऑक्सिडंटने ते थांबेल ही अपेक्षा सरळ होती. त्यांनी याच माणसांची दोन प्रकारे विभागणी केली. निम्म्यांना ई आणि क जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन यांचे मोठे डोस, निम्म्यांना खोटी गोळी. आणि वेगळ्या वाटणीत निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली गोळी, ४० मिलिग्रॅम, निम्म्यांना खोटी गोळी. पाच वर्षांनी हिशेब मांडला. जीवनसत्त्वांचा फायदा शून्य. स्टॅटिनने हार्ट अटॅक, पक्षाघात, बायपास वगैरे मोठ्या घटना साधारण एक चतुर्थांशाने कमी केल्या. माणसं तीच, वर्षं तीच. एका हातात अँटिऑक्सिडंटची गोळी, दुसऱ्या हातात तुम्ही बंद करायला विचारताय त्याच गटातली गोळी.

आणि फिनलंडचाच अनुभव याहून कडक आहे. तिथे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना फुप्फुसाचा कॅन्सर टळेल म्हणून बीटा-कॅरोटिन वगैरे दिलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. गाजरातून येणारं तेच द्रव्य गोळीत कोंबून दिलं की शरीर ते तसंच घेतं असं नाही. म्हणूनच मला फळाबद्दल आदर आहे आणि अर्काच्या कॅप्सूलबद्दल नाही.

फिनलंडबद्दल आणखी एक, भावाला ते आवडेल. १९७२ मध्ये तिथल्या नॉर्थ कारेलिया भागात पुरुषांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक होतं. डॉ. पेक्का पुस्का यांनी तिथे गावोगाव काम सुरू केलं. लोणी कमी, मीठ कमी, सिगारेट बंद. लोणी विकून जगणाऱ्या दूध-उत्पादकांचं काय, हा प्रश्न आला, तेव्हा त्यांतल्या काहींना बेरीच्या शेतीकडे वळवलं गेलं. पुढच्या चार दशकांत तिथल्या कर्त्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. ते बेरीमुळे घटले असं कुणी म्हणत नाही. पण बेरी तिथे लोण्याच्या आणि केकच्या जागेवर येऊन बसली. तिची जागा तीच, ताटातली.

आता आपल्या रानमेव्याकडे. ब्लूबेरीवर माणसांमध्ये जितकं काम झालंय तितकं करवंद, जांभूळ, कोकम यांच्यावर झालेलं नाही. जे आहे त्यातलं बहुतेक नळीतलं आणि उंदरांवरचं. म्हणून ‘अमुक इतकी जांभळं खा, धोका तमुक टक्के कमी’ असं मी लिहून देणार नाही. पण रंग तोच, चोथा भरपूर, साखर बेताची, आणि फळ दारात. आईंना ती मी आनंदाने खायला सांगेन. जांभळं हंगामात रोज दहा-बारा, सालीसकट, कारण रंग सालीत जास्त. रस काढून चोथा फेकला की निम्मा फायदा गाळणीत राहिला. करवंदं मूठभर, पूर्ण काळी झालेली. मृगाचा पाऊस झाला की करवंदात किडे पडतात, मग थांबायचं. जांभळं बिया काढून फ्रीझरमध्ये ठेवली तर रंग महिनोन् महिने टिकतो. मुरंबा किंवा जॅम शिजताना रंग बराच मोडतो आणि वर साखर चढते, म्हणून मधुमेहाच्या माणसाला तो नकोच.

माझ्या पेशंटची चूक फळात सहसा होत नाही, फळाबरोबर येणाऱ्या मीठ-साखरेत होते. गेल्या उन्हाळ्यात एक आजी बीपी १८० घेऊन आल्या, गोळ्या नियमित. खोदून विचारलं तर ‘हृदयाला चांगलं’ म्हणून रोज दोन पेले आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पीत होत्या. आगळ टिकतं कशाने? मिठाने. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं आणि त्या पेल्यांतच त्याचा मोठा भाग चालला होता. आगळ थांबवलं, दोन आठवड्यांत बीपी १४० च्या आसपास आलं, गोळी न वाढवता. कोकम सरबताचं साखरेच्या बाजूने तेच, एका पेल्यात चार चमचे सहज. कैरीसारखं घातलेलं करवंदाचं लोणचंही मिठातच असतं. आईंना कोकम आवडत असेल तर बिनमिठाची सोलं रात्री पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी प्यावं, चवीला थोडं जिरं. आमटीत आमसूल आहेच.

दोन इशारे. करवंदाच्या मुळाचा काढा ‘हृदयासाठी’ म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. करवंद कण्हेरीच्या कुळातलं आहे, पांढरा चीक दोघांनाही असतो. फळ निर्धोक, पण मुळात हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात आणि ती किती जातात यावर कुणाचा ताबा नसतो. पिवळ्या कण्हेरीचं फळ खाऊन नाडी तिशीत आलेली माणसं मी रात्रभर मॉनिटरवर पाहिली आहेत. म्हणून हे हलक्याने लिहीत नाही. दुसरं, जांभळाच्या बियांची पावडर घेऊन मेटफॉर्मिन सोडू नका.

भावाच्या सामानाचं काय करायचं? पावडर वाया घालवू नका. मागे घटक वाचा, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखीच शुगर वाढवणारी स्टार्चची पूड) मिसळलेलं नसेल तर रोज दोन चमचे बिनसाखरेच्या दह्यात कालवून द्या, बिस्किटं आणि फरसाण यांच्या जागी. चार वाजता चहाबरोबर आई काय खातात ते मला लिहिलेलं नाही, पण तीच जागा बघा. कॅप्सूल मात्र देऊ नका. अर्कात रंगद्रव्य कित्येक पट दाटलेलं असतं, प्लेटलेटवर त्याचा थोडा परिणाम होतो, आणि आईंच्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या आधीच प्लेटलेट थोपवून धरतात. हिरड्यांतून किंवा पोटात रक्तस्राव व्हायला तेवढं निमित्त नको. किडनीचा त्रास असून पोटॅशियम जपायला सांगितलेलं असेल तर फळांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

राहिली पायदुखी. आईंना दोन गोष्टी विचारा. दुखणं दोन्ही मांड्यांत-पोटऱ्यांत सारखं, बसल्याजागीही आहे का? तसं असेल तर स्टॅटिनचं असू शकतं. सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, ड जीवनसत्त्व तपासून डॉक्टर डोस कमी करतील, रोसुव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनवर बदलतील किंवा एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या प्रकारची गोळी जोडतील. गोळीला पर्याय भरपूर आहेत. एलडीएल ५५ च्या खाली राहिलं की झालं. पण दुखणं फक्त चालताना, एकाच पोटरीत येत असेल आणि दोन मिनिटं थांबलं की जात असेल, तर ते गोळीचं नाही. ते पायाच्या धमनीत अडथळा असल्याचं लक्षण आहे, हृदयात होता तसाच. मग स्टॅटिन आणखी जपायला हवी आणि पायांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) या आठवड्यातच व्हायला हवा. आई किती अंतर चालल्यावर थांबतात ते त्यांच्याबरोबर चालून बघा आणि मला कळवा.